सड्याची पाहणी पावसाळ्यात करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्र दिसणाऱ्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवरच्या, प्लॉटच्या जाहिराती आपल्या अंकात नेहमी येतात. रस्ता, वीज, बोअरचे पाणी, 'एनए झालेले', 'सातबारा क्लिअर' हे सगळे त्यात असते. त्या जमिनीवर काय उगवते आणि पडलेला पाऊस तिच्यातून उतरून कुठे जातो, हे मात्र कुठेच नसते, कारण ते कोणी विचारत नाही आणि बहुतेक वेळा कायदाही विचारत नाही. बांधकामाला सरसकट विरोध करण्यासाठी हे पत्र नाही. बांधायच्या आधी जमिनीचे पर्यावरणीय मूल्य कसे काढावे, ते काढताना कुठे गफलत होते आणि ग्रामपंचायतीला किंवा प्लॉट घेणाऱ्याला ती कशी पकडता येईल, एवढेच लिहितो आहोत. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यातल्या बहुतेक सड्यांपुढे सातबाऱ्यावर 'पोटखराब' असे लिहिलेले आढळते. महसुलाच्या हिशेबाने ते चूक नाही. पीक येत नाही, आकारणी होत नाही, म्हणून खराबा. पण हाच शेरा नगररचना, सल्लागार, बँक अशा एकेका टेबलावरून पुढे सरकतो आणि शेवटी त्याचा अर्थ 'इथे काहीच नाही' असा होऊन बसतो. मे महिन्यात जाऊन पाहिले तर ते खरेही वाटते. काळा पडलेला कातळ, कडेला चार करवंदीच्या जाळ्या, मध्ये कुठे वणव्याने जळालेले गवत. तोच सडा ऑगस्टअखेर पाहिलात तर कास पठारावर तिकीट काढून फुले बघायला जाण्याची गरज उरणार नाही.

कायद्याची चौकट आधी पाहू. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे इमारत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते ती बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर. सविस्तर आघात अहवाल मागितला जातो तो ५० हेक्टर किंवा १,५०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. मधल्या गटाचे काम अर्ज, पुरवणी अर्ज आणि संकल्पना आराखडा यांवर भागते. आता १० हेक्टरचा सडा घ्या. त्यावर १०० बंगले, प्रत्येकी १५० चौरस मीटरचे. एकूण बांधकाम १५,००० चौरस मीटर. म्हणजे पर्यावरण मंजुरीचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात रस्ते, कुंपणे, पोहण्याचे तलाव, पार्किंग आणि भराव धरून त्या १० हेक्टरांतला बहुतेक कातळ उकरला किंवा झाकला जाणार असतो. कोकणातल्या प्लॉटिंगची पद्धतच अशी की नुकसान पसरलेले असते आणि मोजमाप होते फक्त स्लॅबचे.

जिथे अहवाल होतो तिथेही एक अडचण आहे. आधारभूत माहिती एका हंगामाची चालते आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा, असा प्रघात आहे. हवेतली धूळ मोजायची तर हे योग्यच. पावसात धूळ बसते आणि आकडा फसवा येतो. पण तोच हंगाम वनस्पतींना, बेडकांना आणि डबक्यांना लावला की सड्यावरचे सगळे बघायच्या आधीच वगळले जाते. जोडीला १० किलोमीटर त्रिज्येचे अभ्यासक्षेत्र. हे वर्तुळ ३१४ चौरस किलोमीटरचे होते. किनाऱ्यावर त्यातले जवळजवळ निम्मे समुद्रात असते. यादीत आंब्यापासून देवमाशापर्यंत सगळे येते आणि ज्या १० हेक्टरांवर जेसीबी चालणार त्यांच्या वाट्याला एक ओळ: 'प्रकल्पस्थळी विरळ झुडपे व गवत.'

मग पाहणी करायची केव्हा? सड्यासाठी निदान पाच फेऱ्या लागतात, आणि कोणत्या फेरीत काय सापडते हे ठरलेले असते. पहिली फेरी जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसानंतर आठ-दहा दिवसांत. कंदवर्गीय वनस्पती तेव्हाच फुलतात. त्यातली दिपकाडी ही कोकणचीच. ती फुलून गेली की उरलेले पाते गवतात ओळखणे जाणकारालाही जड जाते. त्याच दिवसांत रात्री सात ते दहा या वेळेत बेडकांचे आवाज नोंदवायचे, कारण मातीत दडून राहणारे काही बेडूक पहिल्या पावसाच्या मोजक्या रात्रीच ओरडतात. दुसरी फेरी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत: गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, निलिमा या फुलांसाठी. तिसरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि ती फक्त गवतांसाठी. गवत तुऱ्यावर आल्याशिवाय नक्की ओळखता येत नाही, आणि गवतकापणी झाल्यावर गेलात तर हातात धसकटे येतात. सड्यावर सर्वांत जास्त व्याप गवतांचाच, त्यामुळे ही फेरी चुकली की अर्धा अहवाल गेला. चौथी डिसेंबर-जानेवारीत, स्थलांतरित पक्षी आणि शिकारी पक्षी यांच्यासाठी. पाचवी एप्रिल-मेमध्ये: पाणवठे, झऱ्यांची धार, सस्तन प्राण्यांच्या वाटा आणि विष्ठा, उघड्या कातळावर अंडी घालणाऱ्या टिटव्या. फेब्रुवारीतल्या दोन दिवसांच्या फेरीवर 'जैवविविधता नगण्य' असे लिहिणे म्हणजे शाळेला सुट्टी असताना पटसंख्या मोजणे.

फेऱ्यांच्या आधी टेबलावरचे काम असते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. जुन्या उपग्रह चित्रांत त्या सर्व्हे नंबरची ऑक्टोबरची आणि मेची चित्रे शेजारी ठेवून बघा. डबक्यांच्या जागा, कडेची हिरवी पट्टी, चिरेखाणीचे जुने खड्डे आणि गेल्या काही वर्षांत पाडलेले रस्ते स्पष्ट दिसतात. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण पुष्कळदा आधी कुंपण घालून वरचा थर खरवडतात आणि मग पाहणी करणाऱ्याला बोलावतात. तेव्हा जी स्थिती 'मूळ' म्हणून नोंदली जाते ती जेसीबीनंतरची असते. अशा वेळी शेजारचा न उकरलेला सडा संदर्भ म्हणून घ्यावा आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

जागेवर गेल्यावर अख्ख्या प्लॉटला एकच अधिवास धरणे ही सर्वांत नेहमीची चूक. एका सड्यावर निदान सहा वेगवेगळ्या जागा असतात: उघडा कातळ, बोटभर मातीचे पट्टे, पावसाळी डबकी, खोल खळगे ज्यांत डिसेंबरपर्यंत पाणी टिकते, सुट्या धोंड्यांचे ढीग, आणि सडा संपून उतार सुरू होतो तिथली झाडांची किनार. आधी या जागा नकाशावर वेगळ्या रंगवाव्यात आणि मग प्रत्येकीत चौकटी टाकाव्यात. चौकट १ मीटर बाय १ मीटर. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो एवढ्यात होते. झुडपांना ५ बाय ५, झाडांना १० बाय १० मीटर. प्रत्येक प्रकारच्या जागेत निदान दहा चौकटी, आणि शेवटच्या पाच चौकटींत एकही नवी वनस्पती आली नाही तरच थांबायचे. प्रत्येक चौकटीत चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी सळई खुपसून मातीची खोली मोजायची. ही खोली बहुतेक अहवालांत नसते. वास्तविक सड्यावर कुठे काय उगवणार हे मुख्यतः तीच ठरवते.

एक खळगा जवळून पाहिला तर हे लक्षात येईल. हातभर खोल, बैलगाडीएवढा रुंद, असा साधाच घ्या. काठावर जिथे कातळ फक्त ओला राहतो आणि माती नखाएवढी असते, तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवे. दोन्ही कीटक पकडून खाणाऱ्या. दवबिंदूची पाने चिकट, तर सीतेच्या आसवांचे सापळे जमिनीखाली, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्यांत. या वनस्पतींना कीटक लागतात कारण त्या मातीत पोषक द्रव्येच नसतात. चार बोटे आत, जिथे पाणी येऊन-जाऊन असते, तिथे गेंदाची पांढरी टोपी. मध्यात पाण्याखालच्या बारीक वनस्पती, बेडकांची पिल्ले, चतुरांच्या अळ्या. पाणी आटले की हे सगळे सुकते आणि तळाला राखाडी पापुद्रा राहतो. त्या पापुद्र्यात पुढच्या वर्षीचे बी असते, आणि पावसाळी डबक्यांतले काही कवचधारी जीव तर सुक्या चिखलातल्या अंड्यांच्या रूपातच उन्हाळा काढतात. पापुद्रा खरवडून भरावात टाकला की पुढच्या पावसात खळग्यात पाणी भरेल, बाकी काही येणार नाही. लॉनला घातलेले खत वाहत आले तरी तेच. पोषक द्रव्ये वाढली की जाड पानांच्या वनस्पती माजतात आणि काठावरच्या नाजूक वनस्पती दोन-तीन हंगामांत हटतात. लाल माती आणून सड्यावर बाग फुलवली म्हणजे निसर्गात भर घातली, असे समजणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी भर घातली ती मातीची.

याच कारणाने 'नुकसानभरपाई म्हणून सड्यावर ५०० झाडे लावू' ही अट आम्हाला अटच वाटत नाही. सुरुंग लावून खड्डे काढायचे, माती भरायची, टँकरने पाणी घालायचे, आणि जिथे झाड कधी नव्हते तिथे झाड उभे करायचे. झाडे मोजूनच पर्यावरण मोजायची सवय लागल्यामुळे हे होते. वृक्षगणनेत सड्याची संख्या शून्याच्या आसपास येते, मग बाधाही शून्य लिहिली जाते.

नोंदी झाल्या की प्रतवारी, आणि तिथे दोन सापळे आहेत. पहिला सरासरीचा. प्लॉटच्या ९० टक्के भागावर सर्वत्र आढळणारे गवत आणि १० टक्क्यांवर न हलवता येण्याजोगे खळगे असतील, तर सरासरी 'मध्यम' येते आणि मध्यम प्रतीवर बांधकाम चालते. प्रत्येक तुकड्याला त्याची स्वतःची प्रत द्यावी आणि चार निकष वेगळे ठेवावेत: तिथल्या प्रजाती दुसरीकडे किती आढळतात, तो अधिवास पुन्हा घडवता येतो का, पाणी धरण्यात त्याचा वाटा किती, आणि शेजारच्या अधिवासांशी तो जोडलेला आहे का. चारांपैकी जो सर्वांत वरचा, तीच त्या तुकड्याची प्रत. बेरीज-भागाकार नको. दुसरा सापळा विविधता निर्देशांकाचा. अहवालात शॅननचा आकडा (किती प्रजाती, किती प्रमाणात, यावरून काढलेला) छापला की काम शास्त्रीय वाटते. पण उकरलेल्या, रस्त्याकडेच्या जमिनीवर टाकळा, घाणेरी, रानमोडी आणि बागेतून निसटलेली झाडे येऊन प्रजातींची संख्या वाढते, तर उघड्या कातळावर मोजक्याच प्रजाती असतात आणि त्या दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. दोन वेगळ्या अधिवासांचे निर्देशांक शेजारी ठेवून तुलना केली की खराब जमीन वरचढ ठरते. आणखी एक: धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'मूल्यांकन झालेले नाही' असे असेल तर त्याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. कोकणापुरत्या सीमित वनस्पतींत असे बरेच सापडेल.

आता पाणी. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटर सहज पडतो. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर. त्यातले काही कातळाच्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली मुरते, जांभ्याखालच्या चिकण थरावर अडते आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येते. खालच्या वाडीच्या विहिरी, पाट, मळे, कुणगे (भातखाचरे) त्यावर चालतात. वर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक झाले की पावसाळ्यात व्हाळ (ओढा) फुगतो आणि मार्चमध्ये झरा आटतो. दोन्ही तक्रारी खालच्या वाडीच्या, आणि वरच्या प्लॉटच्या कागदांत त्या वाडीचे नावही नसते. मोजणी सोपी आहे. दहा लिटरची बादली आणि घड्याळ. झऱ्याखाली बादली ४० सेकंदांत भरली तर धार मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल आणि मेअखेर अशा चार नोंदी, सलग दोन वर्षे, आणि जवळच्या चार विहिरींची पाणीपातळी त्याच दिवशी. बांधकामाआधीच्या या नोंदी नसतील तर पुढे झरा आटल्यावर 'यंदा पाऊसच कमी' या उत्तरापुढे वाडीकडे बोलायला काही राहत नाही. त्या नोंदी विकासकाची वाट न बघता शाळेने किंवा बचतगटाने आजपासून सुरू केल्या तरी चालेल.

व्हाळ किंवा पऱ्या ओलांडून रस्ता जाणार असेल तर मोरीकडे लक्ष द्या. ह्यूम पाइप (सिमेंटचा गोल पाइप) ओढ्याच्या तळाच्या वर बसवला की खालच्या बाजूला पाण्याची उडी तयार होते आणि पहिल्या पावसात चढणारे वलगणीचे मासे तिथेच अडतात. ९०० मिलिमीटरचा पाइप असेल तर त्याचा निदान पाचवा भाग, म्हणजे १८० मिलिमीटर, तळाखाली गाडावा, वर नैसर्गिक गोटे-वाळू राहू द्यावी. कंत्राटदाराला यात फार तर अर्ध्या दिवसाची जादा खोदाई पडते.

खाडीकाठच्या जमिनीला नियम वेगळे आहेत आणि तिथे निदान कायदा कडक आहे. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन नष्ट करणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदाचा भंग ठरवला आहे. गोंधळ नकाशात होतो. किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे १:२५,००० प्रमाणाचे. त्यावर ५० मीटर म्हणजे दोन मिलिमीटर, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या रेघेतच साडेबारा मीटर जातात. अशा नकाशावरून 'प्लॉट पट्ट्याबाहेर' असे कोणी सांगितले तर गावनकाशाच्या प्रमाणावर, मोजणीच्या खुणांसकट रेघ मागावी. मोबाइलच्या जीपीएसला मोकळ्या जागीही तीन-पाच मीटरची चूक असते. चौकटींच्या नोंदीला तो चालतो, हद्द ठरवायला नाही. आणि पाहणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला करावी. भांगाच्या (लहान) भरतीला गेलात तर जी खाजणे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी) कोरडी दिसतात ती आठवड्याने पाण्याखाली असतात. तिवर, चिप्पी, कांदळ ही कांदळवनातली झाडे असतील तर प्रश्नच नाही, पण नुसती मारंडीची काटेरी झुडपे असली तरी तिथे भरती पोहोचते हे धरावे. बांध घालून किंवा उघाडी (बांधातली झडप) बंद ठेवून भरती तोडली, अथवा तिवराची श्वसनमुळे भरावाखाली गाडली, की झाडे काही महिन्यांत वाळतात. नंतरच्या अहवालात ती 'मृत व विरळ' म्हणून येतात. इथेही जुनी उपग्रह चित्रे कामाला येतात.

पुळणीबद्दल (वाळूच्या किनाऱ्याबद्दल) थोडक्यात: वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे नोव्हेंबरपासून वर येतात, तेव्हा किनाऱ्यालगतच्या पाहणीत त्या महिन्यांतल्या पहाटेच्या फेऱ्या हव्यातच, आणि समुद्राकडे तोंड केलेला एकही उघडा दिवा आराखड्यात नको. पिल्ले उजेडाकडे चालतात.

कातळशिल्पांचा विषय पर्यावरणाबाहेरचा वाटेल, पण ती याच कातळावर आहेत. कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी इथली शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. बोटभर माती आणि गवताखाली दडलेली किती असतील ते सांगता येत नाही. म्हणून भरावाआधी कातळ झाडून, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. दुपारच्या उन्हात उथळ रेघा दिसत नाहीत. गुराख्यांना विचारावे. त्यांना ठाऊक असते.

हाती आलेला अहवाल खरा की कॉपी केलेला, हे तपासायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. फेऱ्यांच्या तारखा, वेळ आणि पाहणी करणाऱ्याचे नाव आहे का? चौकटींचे अक्षांश-रेखांश आहेत का, आणि ते नकाशावर टाकले तर प्लॉटमध्येच पडतात का? छायाचित्रात मागे ओळखीचा डोंगर, गडगा (दगडी कुंपण) किंवा लाइटचा खांब दिसतो का? सड्याच्या यादीत साग आणि बाभूळ आहे पण एकही गेंद नाही, असे तर नाही? एक हमखास खूण सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि परिशिष्टे सहाची चार झाली. उपद्रवी प्राण्यांचे जुने पाचवे परिशिष्ट गेले. त्यानंतरच्या तारखेच्या अहवालात कावळा 'परिशिष्ट पाच'मध्ये दाखवला असेल, तर ते पान जुन्या फाइलमधून उचललेले आहे हे नक्की. एक पान उचलले असेल तर बाकीचीही तपासावीत.

मूल्यांकन चांगले झाले तर उपयोग काय? रेखांकन बदलते, आणि तेच अपेक्षित आहे. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर व त्यावरच्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. आज ती उरलेल्या तिरक्या कोपऱ्यात सुटते आणि तिथे फरशी, घसरगुंडी आणि सिमेंटचा मशरूम येतो. हीच जागा आधी खळग्यांच्या समूहावर आखली आणि प्लॉट नंतर पाडले, तर विकासकाचा एक चौरस फूटही जात नाही. फक्त क्रम उलटा करायचा. खळग्यांत पाणी जिथून उतरून येते तो कातळही त्या जागेत घ्यावा, नाहीतर गटार भलतीकडे वळते आणि खळगा कोरडा राहतो. सड्याची कड, जिथून झरे फुटतात, तिथून बांधकाम निदान ३० मीटर मागे ठेवावे असे आमचे मत आहे. पण कडेवरूनच समुद्र दिसतो आणि तिथल्याच प्लॉटला भाव जास्त, त्यामुळे यावर विरोध सर्वांत जास्त होतो. धोंड्यांचे ढीग सरसकट उचलून गडग्याला वापरू नयेत. फुरसे त्यांतच राहते; त्याचे घर मोडले की ते नव्या बंगल्याच्या पायरीखाली जागा शोधते.

खर्चाचा आक्षेप नेहमी येतो. १० हेक्टरच्या सड्याला एक वनस्पतीतज्ज्ञ, एक प्राणी-पक्षी जाणणारा आणि गावातला एक माहितगार, पाच फेऱ्यांत मिळून पंधरा ते वीस दिवस, एवढे मनुष्यबळ पुरते. प्रवेशद्वाराच्या कमानीवर याहून जास्त पैसे जातात. खरा खर्च वेळेचा आहे, कारण एक पूर्ण पावसाळा थांबावे लागते, आणि कर्जाचे व्याज थांबत नाही. म्हणूनच पहिली फेरी खरेदीखताआधी, साठेकराराच्या मुदतीत बसवावी. जमीन घेऊन, पैसे अडकून मग केलेल्या पाहणीतून 'इथे बांधू नका' हे उत्तर कधी निघालेले आमच्या पाहण्यात नाही.

ग्रामपंचायतींच्या हातात एक साधन आहे आणि ते बहुतेक ठिकाणी कपाटात आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ नोंदवह्या एका तालुक्यात एकाच मजकुराच्या आहेत. गावाचे नाव तेवढे बदललेले. ती नोंदवही सर्व्हे नंबरनिहाय करून घ्या: कोणत्या नंबरात खळगे, कोणत्यात झरा, देवरहाटीची (देवाच्या राखीव रानाची) हद्द कुठपर्यंत, गुरे कुठे चरतात, गवत कोण कापते. अकृषिक वापराचा किंवा रेखांकनाचा प्रस्ताव आला की त्या पानाची प्रत ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडून तहसीलदार आणि नगररचना कार्यालयाकडे द्या आणि पोच घ्या. ठरावात 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहिले तर तो फाइलला लागतो. सर्व्हे नंबर, महिना आणि मोजलेला आकडा लिहिला तर त्यावर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. प्लॉटच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक छापलेला असतो. त्याच्याखाली आणखी एक ओळ मागून घ्यावी: जागेची जैविक पाहणी कोणत्या तारखांना झाली. पाहणी झाली नसेल तर 'झाली नाही' असे छापावे. आम्ही जमीन घेणाऱ्यांना सांगतो की त्या तारखांत जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर हे तीन महिने नसतील तर टोकन देऊ नका.

कळावे,
आपले,
कोकणातील वनस्पती, पक्षी व भूजल सर्वेक्षण करणारे काही कार्यकर्ते, जि. रत्नागिरी व सिंधुदुर्ग